आचारसंहिता लागली की आमच्या गावचा हॉल निनावी होतो

खडूफळा:
पुतण्याच्या साखरपुड्यासाठी हॉल बघायला म्हणून गावी गेलो होतो. नगरपरिषदेचं सभागृह आहे, चांगलं बांधलंय, वरती बाल्कनी वगैरे, भाडंही परवडणारं. पण दारावरच्या नावावर फ्लेक्सचा एक तुकडा उलटा करून सुतळीने बांधलेला. का, तर निवडणूक लागलेली आणि हॉलला नाव आहे पदावर असलेल्या, हयात असलेल्या एका नेत्यांचं. ते स्वतः उमेदवार नव्हते पण प्रचाराला तेच फिरत होते, म्हणून झाका. वारा आला की फ्लेक्सचं टोक उडायचं आणि खालून ‘मा. ना. श्री.’ एवढंच दिसायचं, परत झाकलं जायचं. मी तिथल्या क्लार्कला विचारलं, पत्रिकेत स्थळ काय छापू? तो म्हणे छापा की नाव, तुमची पत्रिका प्रायव्हेट आहे, आम्हाला मात्र पावतीवर नुसतं ‘न.प. सभागृह’ लिहायला सांगितलंय.
तेव्हापासून डोक्यात आहे. दर निवडणुकीला आधी लोकसभा मग विधानसभा मग जिल्हा परिषद मग आमची नगरपरिषद, म्हणजे पाच वर्षांत चारदा हे नाव झाकायचं आणि चारदा उघडायचं. जे नाव मतदारापासून लपवावं लागतं ते प्रचाराचं आहे हे आपण सगळ्यांनी मान्यच केलंय ना? मग उरलेले दिवस ते काय असतं, भजन? माझं मत सरळ आहे, लोकांच्या पैशाच्या इमारतीला पदावरच्या माणसाचं नाव नको. हयात असलेल्याचंही शक्यतो नको, पण पदावरच्याचं तर नकोच नको. बोला.

चर्चगेट स्लो:
नाही पटलं गुरुजी. आपल्याकडे माणूस मेल्याशिवाय चांगला होतच नाही ही जुनी खोड आहे. ज्याने काम केलं त्याला जिवंतपणी बघू द्या की स्वतःचं नाव. आता मुंबईचंच घ्या. चर्चगेटला उतरलात की दोन स्टेडियम आहेत चालत जाण्याच्या अंतरावर, ब्रेबर्न आणि वानखेडे. लॉर्ड ब्रेबर्न मुंबईचे गव्हर्नर होते, सीसीआयला (क्रिकेट क्लब ऑफ इंडियाला) जागा हवी होती, असं सांगतात की क्लबच्या अँथनी डिमेलोने गव्हर्नरलाच विचारलं की तुम्हाला सरकारसाठी पैसा हवा की स्वतःसाठी अमरत्व. जमीन स्वस्तात मिळाली, 1937 ला स्टेडियम उभं राहिलं. मग पस्तीसेक वर्षांनी तिकिटांवरून सीसीआय आणि मुंबई क्रिकेट असोसिएशनचं (एमसीएचं) वाजलं, सीसीआयचे विजय मर्चंट ऐकेनात, तेव्हा एमसीएचे शेषराव वानखेडे ईर्ष्येला पेटले आणि पलीकडे दुसरं स्टेडियम बांधलं. जानेवारी 1975 ला तिथे वेस्ट इंडीजबरोबर टेस्ट झाली. तेव्हा वानखेडे विधानसभेचे अध्यक्ष होते हो, पदावर होते, हयात होते! काय बिघडलं? 2011 चा वर्ल्ड कप आपण तिथेच उचलला, कुणी म्हणालं का की आधी नाव बदला मग सिक्स मारा. मे 2025 मध्ये तिथे रोहित शर्माच्या नावाचा स्टँड झाला, तो तर अजून खेळतोय, त्याचे आईवडील समोर बसले होते. मेल्यावर दिलं असतं तर कोण बघणार होतं ते?

खडूफळा:
रोहितचं नाव असू द्या की, त्याला मी कशाला नाही म्हणू. तो मतं मागायला येणार नाही. (आला तर बघू.) पण त्याच दिवशी शरद पवारांच्या नावाचाही स्टँड झाला आणि उद्घाटनाला मुख्यमंत्री, हे तुम्ही सोयीस्कर गाळलंत.

चर्चगेट स्लो:
पवार एमसीएचे, बीसीसीआयचे, आयसीसीचे अध्यक्ष होते. क्रिकेटच्या मैदानात क्रिकेटच्या कामासाठी नाव, आणि स्टँड असोसिएशनचा, नगरपरिषदेचा नाही. मला तरी त्यात गैर दिसत नाही. बाकी अजित वाडेकरांचा पण स्टँड त्याच दिवशी झाला, ते बिचारे 2018 ला गेले. म्हणजे बघा, एकाच कार्यक्रमात हयात, दिवंगत, खेळाडू, पुढारी सगळे. तुमच्या नियमाने अर्धा कार्यक्रम रद्द.

शनिवारातला:
हयात माणसाचं नाव देण्यात नेमका धोका काय ते मुंबईकरांना घरचंच उदाहरण देऊन सांगतो. आर्थर क्रॉफर्ड. मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर, 1865 पासून. धडाडीचा माणूस, रस्ते गटारं पाणी सगळ्याला हात घातला, खर्चही असा करायचा की करदाते ओरडायला लागले. 1869 ला मार्केट तयार झालं, याचं नाव दिलं, साहेब खुर्चीत असतानाच. दारावर लॉकवुड किपलिंगने कोरलेली शिल्पं आहेत, कधी वर मान करून बघा, आपण सगळे खाली आंबे आणि ड्रायफ्रूटचे भाव बघत आत जातो.
आता पुढचं ऐका. हेच क्रॉफर्डसाहेब नंतर आमच्याकडे पुण्याला मध्य विभागाचे कमिशनर म्हणून आले. 1888 ला त्यांच्यावर लाचखोरीचे आरोप, मामलेदारांकडून बदली बढतीचे पैसे खाल्ले म्हणून. चौकशी कमिशन बसलं. लाच सिद्ध झाली नाही, पण हाताखालच्या, आपल्याच हद्दीतल्या लोकांकडून पैसे उसने घेतल्याचं सिद्ध झालं आणि सरकारने नोकरीतून काढलं. आणि ज्या मामलेदारांनी अभय मिळणार या शब्दावर ‘हो आम्ही पैसे दिले’ असं सांगितलं त्यांच्याच मागे सरकार लागलं, तेव्हा टिळक त्यांच्या बाजूने उभे राहिले. पुण्यात हे क्रॉफर्ड प्रकरण म्हणून गाजलेलं. आणि मुंबईत मार्केटवर नाव तसंच! कारण एकदा दिलेलं नाव कोण काढणार, काढायचं तर भांडण. माणूस जिवंत आहे म्हणजे त्याची वही अजून बंद झालेली नाही. हिशोब पूर्ण व्हायच्या आधी पावती कशी काय फाडता तुम्ही?

उसाचा फड:
पुणेकरांनी शिकवायचं आणि आम्ही ऐकायचं 😀 शनिवारातले साहेब, तुमच्या पुण्यात फर्ग्युसन कॉलेज आहे ना? ते कुणाच्या नावाने आहे? सर जेम्स फर्ग्युसन, मुंबईचे गव्हर्नर. 1885 ला कॉलेज निघालं तेव्हा साहेब हयात, पदावर, आणि स्वतः देणगी दिलेली. नाव देणारे कोण, तर डेक्कन एज्युकेशन सोसायटीवाले, टिळक आगरकर तिथेच होते. मग त्यांना नव्हती का अक्कल? वही बंद झाली होती का साहेबाची?

शनिवारातला:
बरोबर पकडलंत, मान्य. एवढंच म्हणतो की साहेबांची मुदत संपत आली होती, त्याच वर्षी ते पद सोडून गेले. आणि त्या वेळी सरकारची मर्जी असल्याशिवाय कॉलेज चालवणं अवघड होतं, नाव म्हणजे एक प्रकारचा विमा होता. (आणि सोसायटीचं कॉलेज होतं, म्युनिसिपालिटीचं नव्हे, पण हे म्हणजे पुणेरी पळवाट झाली, सोडून देतो.)

उसाचा फड:
विमाच तर! आमच्याकडे पण तेच असतं. मी जरा मनापासून लिहितो, हसू नका. आमच्या पट्ट्यात दहावीनंतर मुलींचं शिक्षण बंद व्हायचं कारण कॉलेज सव्वीस किलोमीटरवर आणि एसटी दिवसातनं दोन. माझी मोठी बहीण अशीच घरी बसली, तिचं लग्न झालं. नंतर आमच्या आमदारांनी कॉलेज आणलं, मंजुरीसाठी मुंबईच्या किती खेपा मारल्या ते आम्ही बघितलंय, जागा मिळवली, पहिल्या वर्षी वर्ग भरले ते बाजार समितीच्या गोदामात. धाकटी बहीण त्याच कॉलेजातनं बी.एस्सी. झाली. कॉलेजला त्यांचंच नाव आहे आणि ते हयात आहेत. धाकटी गेटमधून जाताना नमस्कार करायची, गंमत नाही सांगत. आता तुम्ही शहरात बसून म्हणणार की चाटूगिरी आहे. असेल काही लोकांची. पण आमच्या आईला विचारा, ती म्हणते नाव दिलं नसतं तर आम्ही कृतघ्न ठरलो असतो. कोण कुठला सेनापती, कोण कुठला संत यांचं नाव द्यायला सगळे तयार, कारण ते येऊन काही मागत नाहीत. ज्याने खेपा मारल्या त्याचं नाव का नको?

खडूफळा:
फडसाहेब, हसणार नाही. खरं लिहिलंत. पण मी विचारतो ते रागावू नका, खेपा मारणं हे त्यांचं काम नव्हतं का? मी तीस वर्षं शिकवलं, माझ्या हाताखालून गेलेली पोरं डॉक्टर झाली, मी काय वर्गाला माझं नाव लावलं नाही. पगार मिळत होता, शिकवलं. आमदारालाही मानधन असतं, पेन्शन असतं, आणि सगळ्यात मोठं म्हणजे निधी लोकांचा असतो. आईंनी त्यांना घरी जेवायला बोलवावं, नारळ द्यावा, शाल द्यावी, ती कृतज्ञता. सरकारी भिंत ही आपल्या घरची शाल नाही.

कृष्णाकाठ:
एक सांगलीकर म्हणून सांगतो, तुम्ही सगळे नावाला फार महत्त्व देताय. आमचा आयर्विन पूल बघा. 1929 चा. लॉर्ड आयर्विन तेव्हा देशाचे व्हाइसरॉय होते, संस्थानाने पूल बांधला आणि साहेबाचं नाव दिलं, खुशमस्करी म्हणा हवं तर. पण आज सांगलीत आयर्विन कोण होता हे दहा जणांना विचारा, नऊ जण सांगतील नदीची पातळी मोजायची जागा आहे. पावसाळ्यात आमच्याकडे चहाच्या गाड्यावर एकच वाक्य, ‘आयर्विनला किती?’ चाळीस झाले की इशारा, पंचेचाळीस झाले की धोका, सामान वर चढवा. 2019 ला 57 च्या पुढे गेलं तेव्हा आमच्या गल्लीत पहिला मजला पाण्यात होता आणि फोनवर माणसं रडत रडत आयर्विनचा आकडा विचारत होती. इंग्रज साहेबाचं नाव कधीच वाहून गेलं, राहिला तो फुटाचा आकडा. तसंच तुमच्या सभागृहाचं पण होईल, पन्नास वर्षं थांबा.

खडूफळा:
कृष्णाकाठ, हे आवडलं, पण एक फरक राहिला. लॉर्ड आयर्विन सांगलीतून निवडणुकीला उभे राहणार नव्हते! फर्ग्युसन, क्रॉफर्ड, ब्रेबर्न कुणालाच आपल्या आजोबा पणजोबांची मतं नको होती. तेव्हा नाव म्हणजे राज्यकर्त्याला खूश करायची गोष्ट होती. आता आपण त्यांना निवडतो, आणि आपल्याच पैशाने त्यांची पाटी लावतो, पुढच्या वेळी परत आपल्यालाच दाखवायला. पन्नास वर्षं मी थांबेन हो, पण निवडणूक थांबत नाही ना.

वकीलमावशी:
थोडं कायद्याचं बोलते, कोर्टात काय काय घडलंय ते. तामिळनाडूत सरकारने मुख्यमंत्री स्टॅलिन यांच्या नावाने योजना काढली, जुलै 2025 ला मद्रास हायकोर्टाने म्हटलं हयात राजकारण्याचं नाव योजनेत नको. सहा ऑगस्टला सुप्रीम कोर्टाने तो आदेश रद्द केला, सरन्यायाधीश गवईंचं खंडपीठ होतं, आणि जे विरोधी पक्षाचे खासदार कोर्टात गेले होते त्यांनाच 10 लाखांचा खर्च लावला. मुद्दा असा की सगळ्या पक्षांची सरकारं हेच करतात, मग एकाच पक्षावर आणि एकाच नेत्यावर बोट कशाला. त्याच्या आधी सरकारी जाहिरातींचं बघा, 2015 ला कोर्ट म्हणालं फोटो फक्त राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीशांचा. राज्यं परत गेली, 2016 ला मुख्यमंत्री, राज्यपाल, मंत्री सगळे आत. म्हणजे दार एकदा किलकिलं झालं की पूर्ण उघडतंच. पुतळ्यांचंही आठवत असेल, 2012 ला उत्तर प्रदेशच्या निवडणुकीआधी मायावतींचे पुतळे आणि दगडी हत्ती निवडणूक आयोगाने झाकायला लावले. थंडीत ते एवढाले हत्ती प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले, आणि सगळ्या टीव्हीवर दिवसभर तेच. झाकून जेवढी जाहिरात झाली तेवढी उघडे असताना नसती झाली 😄 गुरुजींच्या फ्लेक्सचंही तेच आहे, उडतंय म्हणूनच तुम्ही बघितलंत ना?

चर्चगेट स्लो:
सगळेच करतात हे मावशींनी बरं सांगितलं. मोटेराचं स्टेडियम फेब्रुवारी 2021 ला नरेंद्र मोदी स्टेडियम झालं, पंतप्रधान पदावर असताना. आपल्याकडे डिसेंबर 2020 ला शरद पवार ग्रामसमृद्धी योजना आली, त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाच्या मुहूर्तावर. मग 2023 ला नमो शेतकरी महासन्मान निधी. आणि काँग्रेसवाले लगेच ओरडायला नकोत, काश्मीरच्या वाटेवरचा बनिहालचा जवाहर बोगदा 1956 चा आहे, नेहरू तेव्हा पंतप्रधान होते.

शनिवारातला:
म्हणजे सगळे करतात म्हणून बरोबर? हा मुंबईचा तर्क झाला, सगळेच दारात लटकतात म्हणून आपण पण लटकायचं.

चर्चगेट स्लो:
दारात लटकणारा ऑफिसला पोचतो काका. आत बसायला मिळेल म्हणून थांबणारा स्टेशनवरच असतो.

वकीलमावशी:
भांडू नका. एक चांगलं उदाहरण पण आहे, शेजारच्या कर्नाटकातलं. शिमोग्याच्या विमानतळाला माजी मुख्यमंत्री येडियुरप्पांचं नाव द्यायचं त्यांच्याच पक्षाच्या सरकारने ठरवलं होतं. तो विमानतळ आणण्यात त्यांचा वाटा होता हे विरोधकही नाकारत नाहीत, म्हणजे फडभाऊंच्या आमदारांसारखंच. त्यांनी स्वतःच सांगितलं माझं नाव नको. 2023 ला उद्घाटन झालं तेव्हा नाव होतं कन्नड कवी कुवेंपूंचं. आता मला सांगा, येडियुरप्पांनी तो आणला हे कुणी विसरलं का?

उसाचा फड:
मावशी हे मात्र बरोबर लागलं. पण असा नको म्हणणारा पुढारी आमच्याकडे शोधायला लागेल. आमच्याकडे तर ठराव मांडतो एक, अनुमोदन देतो दुसरा, आणि दोघांनाही माहीत असतं की तिकीट कुणाच्या हातात आहे. एवढं मी कबूल करतो. ज्याला नाव द्यायचं त्याच्याच हाताखालच्या लोकांनी ठराव करायचा हे चूक. पाच वर्षं पद सोडून झाली असतील आणि मग गावाने दिलं तर माझी हरकत नाही, मेलाच पाहिजे असं काही नाही.

व्हर्जिनियाची सून:
इकडून एक छोटीशी भर. आमच्या घरापासून पाऊण तासावर वॉशिंग्टनमध्ये केनेडी सेंटर आहे, मुलीच्या शाळेचा ऑर्केस्ट्रा ऐकायला दोनदा गेलेय. केनेडींच्या हत्येनंतर संसदेने त्यांचं स्मारक म्हणून नाव दिलं होतं. डिसेंबर 2025 मध्ये तिथल्या बोर्डाने ठराव केला आणि विद्यमान अध्यक्षांचं नाव केनेडींच्या नावाच्या आधी आलं, दुसऱ्या दिवशी भिंतीवर अक्षरंसुद्धा. बोर्डाचे अध्यक्ष स्वतः ट्रम्पच. फडभाऊ, तुमचं ते सूचक अनुमोदक प्रकरण वाचून हसले, आपल्या नगरपरिषदेत आणि इथे काही म्हणून फरक नाही, तिथे चहा मिळतो एवढंच.

कृष्णाकाठ:
सगळं बरोबर, पण मेलेल्यांची नावं म्हणजे भांडण नाही असं कुणी समजू नका. आमच्याकडे एका चौकाला तीन समाजांनी तीन थोर पुरुषांची नावं सुचवली, सगळे दिवंगत, सगळे वंदनीय, आणि चौक अकरा वर्षं बिननावाचा. शेवटी ‘पंक्चरवाल्याचा चौक’ हेच पडलं. पंक्चरवाला मात्र हयात आहे 🙏

शनिवारातला:
😂 त्या पंक्चरवाल्याला माझं मत.
आणि दिवंगतांच्या नावावरून आठवलं, पुण्याची मंडई. 1886 ची इमारत, नाव दिलं रे मार्केट, लॉर्ड रे तेव्हा गव्हर्नर, पुन्हा तीच कथा, हयात आणि खुर्चीत. जोतिबा फुले त्याआधी नगरपालिकेचे सदस्य होते, त्यांनी या खर्चाला विरोध केला होता, एवढे लाख मंडईवर घालण्यापेक्षा शिक्षणावर घाला म्हणून. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्या मंडईला नाव मिळालं महात्मा फुले मंडई. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटचंही कागदोपत्री तेच नाव झालं. म्हणजे ज्या माणसाने बांधू नका म्हणून सांगितलं त्याचं नाव त्याच इमारतीवर. ते हयात असते तर ठराव हाणून पाडला असता याची मला खात्री आहे. तेव्हा गुरुजी, मेलेल्याचं नाव द्यायच्या आधी पण जरा विचारायला हवं, विचारता येत नाही हीच अडचण.

चर्चगेट स्लो:
हे बेस्ट होतं काका. पण टॅक्सीत बसून ‘महात्मा फुले मंडई’ म्हणून बघा, ड्रायव्हर विचारतो कुठली, दादरची की कुठली. क्रॉफर्ड म्हटलं की लगेच मीटर पाडतो. उसन्या पैशांपायी नोकरी गेलेला साहेब दीडशे वर्षं झाली तरी पत्ता सांगतोय. म्हणून म्हणतो, पहिलं नाव जपून द्या, हयात की दिवंगत ते नंतर. लोक पहिलंच धरून ठेवतात.

खडूफळा:
म्हणजे तुम्ही आलात माझ्याच बाजूला, फक्त लोकल उशिरा पोचली.

चर्चगेट स्लो:
आलो नाही हो, सिग्नलला थांबलोय. रोहितचा स्टँड मी सोडणार नाही.

वकीलमावशी:
गुरुजी ते राहू द्या, पत्रिकेत शेवटी काय छापलंत?

खडूफळा:
पुतण्याला विचारलं तर म्हणाला काका लोकेशन पाठवू की व्हॉट्सॅपवर. तिथे बघितलं तर मॅपवर नेत्यांचं पूर्ण नाव, मा. ना. श्री. सकट, चार पूर्णांक दोन स्टार. तिथे फ्लेक्स कोण बांधणार? पत्रिकेत मी ‘न.प. सभागृह, पाण्याच्या टाकीमागे’ छापलंय. टाकी 1972 च्या दुष्काळानंतरची आहे, तिला नाव नाही आणि अख्ख्या तालुक्याला ती माहीत आहे. परवा गेलो तर निकाल लागून चार दिवस झाले होते, फ्लेक्स निघाला होता पण सुतळी तशीच लोंबत होती. क्लार्कला म्हटलं ती पण काढा की. म्हणाला राहू द्या सर, जिल्हा परिषद लागतेच आहे.